अप्पांची जागा

खुंटी अप्पांच्या समाधीच्या ओट्याला अगदी चिकटून ठोकली होती. तिच्या डोक्याला लाल रंग फासलेला होता आणि त्यातला थोडा ओट्याच्या दगडावरही सांडला होता. मल्लम्मानं पदर खोचला, वाकून खुंटी धरली आणि हलवून बघितली.

"उपटू नको अक्का," मागनं शंभुलिंग म्हणाला. "सरकारी हाय ती."

"उपटत न्हाय. किती खोल गेलीय ते बघतेय."

खुंटी जागची हलली नाही. मल्लम्मा कमरेवर हात ठेवून उभी राहिली. पलीकडच्या तुरीत दुसरी खुंटी दिसत होती, तिच्या पलीकडं शेजारच्या बलभीमरावांच्या विहिरीजवळ तिसरी. लोहाऱ्याकडून येणारी वाहनं गावात न शिरता अशी मळ्यामळ्यांतून वळसा घेऊन जळकोटच्या रस्त्याला लागणार होती. मुरळगावचा बायपास. तिचा भाऊ माणिकप्पा, मिशा काळ्या होत्या तेव्हापासून, हाच रस्ता मागत आला होता. आणि आता तो मंजूर होऊन आला, तो नेमका आई-बापाच्या अंगावरनं.

काल दिवस मावळायला ती सासरहून, आळंदहून, जीपनं येऊन पोचली, तेव्हा घरात कुणी काही बोललं नव्हतं. माणिकप्पाच्या सुनेनं, भुवनेश्वरीनं, पायावर पाणी घातलं, जेवायला वाढलं आणि एवढंच म्हणाली, "आत्या, सकाळी एकदा शेताकडं जाऊन या."

"अव्वाची समाधीबी रेघेतच येते?" मल्लम्मानं विचारलं.

"दोन्ही येतात." शंभुलिंगनं ओट्यावरची कालची फुलं गोळा केली, नवी ठेवली. शेत तो कसायचा, राहायचाही शेतातच. रोज सकाळी बैल सोडायच्या आधी दोन्ही ओट्यांवर फूल ठेवायचं, हे त्याचं ठरलेलं काम. "गावात सगळे म्हणायलेत, आता शंभू आडवा येणार. अण्णा रस्ता मागतो आन् भाऊ अडवतो, अशी मजा बघायला बसलेत लोक."

"आन् तू येणार का आडवा?"

 शंभुलिंगनं आयुष्यभर थोरल्या भावाच्या रस्ता समितीची थट्टाच केली होती. उपोषणाला बसलेल्या माणिकप्पाला, "अण्णा, रस्ता न्हाय आला तरी पोट तरी कमी झालं," असं भर मांडवात म्हणणारा हाच. पण आज त्याच्या तोंडावर थट्टा नव्हती. "दुपारी बसायचंच हाय," तो म्हणाला. "तवा बोलू."

घरी परतली, तर माणिकप्पा दुकानाच्या दारातच तिची वाट बघत होता. पेठेतलं कापडाचं दुकान पुढं, घर मागं. दुकानासमोरनं उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत चालले होते, त्यांच्यामागं एसटी अडकलेली, एसटीमागं जीपा, आणि सगळे मिळून हॉर्न वाजवत होते. त्या आवाजात बोलणं शक्यच नव्हतं. त्यानं तिला आतल्या खोलीत नेलं, तागे बाजूला सारून बसायला जागा केली.

"बघितलीस?"

"बघितली."

माणिकप्पा थोडा वेळ हातातली कापडाची घडी मोडत आणि घालत राहिला. मग म्हणाला, "अक्का, दुपारी सगळे बसतील. बलभीमरावबी येणार. तू एवढंच म्हण, की माझ्या आई-बापाच्या समाधीवरनं मी रस्ता जाऊ देणार न्हाय. घरच्या थोरल्या लेकीचा शब्द कोण मोडंल? मी उद्या तहसिलीतल्या सुनावणीत सांगतो, बहिणीची हरकत हाय म्हणून."

"आन् तुझी?"

"माझी कशी असंल? मी समितीचा अध्यक्ष हाय."

मल्लम्मा त्याच्याकडं बघत राहिली. लहानपणी घागर फोडून तिच्या परकराआड लपणारा माणिक तिला आठवला. तेव्हा तिनं त्याच्या वाटचा मार खाल्ला होता आणि त्यात तिला काही वाटलं नव्हतं. आता सत्तरीच्या भावाला परकराआड घेताना मात्र तिच्या छातीत काहीतरी टोचलं. राग होता तो. आणि रागाच्या खाली कीवही होती, कारण जन्मभर कापड विकलेल्या त्या माणसाला ती घडी नीट घालता येत नव्हती.

"बघते," एवढंच म्हणून ती उठली.

स्वयंपाकघरात भुवनेश्वरी भाकरी थापत होती. आत्या येऊन पाटावर टेकली, तसा तिनं तवा उतरवला.

"आत्या, मामांनी तुमाला काय सांगितलं ते मी विचारत न्हाय," ती म्हणाली. "पण माझं एक ऐका. मागच्या हंगामात उसाची ट्रॉली आपल्या पायऱ्यांवर चढली, तवा शेजारचा धोंडीबा शिंपी मशीनवर बसला होता. त्याचा पाय गेला. मी स्वतः त्याला धरून बसले होते जीप येईस्तोवर. त्यानंतर मी घरोघर हिंडले. ज्यांची ज्यांची जमीन रेघेत येते, त्यांच्या बायकांना म्हणलं, द्या, गावासाठी द्या. त्यांनी नवऱ्यांना तयार केलं. आता आपल्याच घरातनं हरकत गेली, तर मी कुणाच्या दारात उभी राहू?"

"म्हणजे तू म्हणतीस, जाऊ द्यावा रस्ता."

"मी सून हाय आत्या. समाधी तुमच्या आई-बापाच्या. जाऊ द्या म्हणायचा हक्क मला न्हाय." तिनं तवा पुन्हा चुलीवर ठेवला. "पण न्हाय म्हणायचं असलं तर ज्यानं त्यानं आपल्या तोंडानं म्हणावं. एवढंच."

 पोरीला सगळं कळलेलं आहे, हे मल्लम्माच्या ध्यानात आलं.

दुपारी सोप्यात सतरंजी पडली. भिंतीशी माणिकप्पा, समोर शंभुलिंग आणि त्याचा मुलगा श्रीशैल. श्रीशैल शेती शिकून आलेला, लग्न झालेला, बोलायला तिखट. बलभीमराव पाहुण्यासारखे कडेला बसले. ते भाऊबंद नव्हते, जातभाईही नव्हते, पण शेताला शेत लागून होतं आणि समितीत पहिल्यापासून माणिकप्पाच्या खांद्याला खांदा. मल्लम्मा मधल्या दारात बसली, आणि तिच्या मागं उंबऱ्याच्या आत भुवनेश्वरी.

श्रीशैलनंच तोंड फोडलं. "मी आधीच सांगतो, मला मान्य न्हाय. पहिली रेघ सरळ होती. पेट्रोलपंपापाशी येऊन ती वाकली. पंपवाल्याची जागा वाचवायची आन् आमच्या आज्याला उठवायचं? असला कसला न्याय?"

"खरं हाय पोराचं," बलभीमराव म्हणाले. "रेघ वाकवली हाय. भांडलं तर सरळबी करून घेता येईल. पर फाईल परत मुंबईला जाणार. परत मोजणी, परत मंजुरी. तवर आपण असू का नसू."

"मग नसू. पण अन्याय सोसून..."

"श्रीशैल," शंभुलिंगनं त्याला हातानं थांबवलं. "मोठ्यांना बोलू दे."

सगळ्यांच्या नजरा मल्लम्माकडं वळल्या. माणिकप्पाची सगळ्यांत आधी. तिनं शांतपणे पदर सारखा केला.

"मी थोरली खरी," ती म्हणाली, "पर मी दिलेल्या घरची. ह्या घराचा कर्ता माणिक हाय. आधी त्यानं बोलावं. त्याचं ऐकल्याबिगर मी तोंड उघडणार न्हाय."

माणिकप्पानं तिच्याकडं असं बघितलं, की तिला क्षणभर वाटलं आपण चुकलो.  बाहेर पेठेत हॉर्न चालूच होते. बलभीमरावांना त्याचा चेहरा बघवला नाही. ते घसा खाकरून म्हणाले, "माणिकअप्पा, माझी विहीर गेली ह्या रेघेत, मी काई बोललो न्हाय. पर विहीर येगळी आन् आई-बाप येगळे. तुमी उद्या हरकत घेतली, तरी परवाच्या समितीच्या बैठकीला मी तुमच्याच शेजारी बसणार हाय. कुणी काई बोललं तर मी ऐकून घेणार न्हाय."

एवढं ऐकलं आणि माणिकप्पाचा बांध फुटला. तो रडला नाही, पण आवाज फाटला.

"मला नको वाटतंय," तो म्हणाला. "मी आयुष्यभर रस्ता मागितला, आन् आता मला नको वाटतंय. अप्पांच्या छातीवरनं उसाचे ट्रॅक्टर जाणार, हे डोळ्यांपुढनं हलत न्हाय. मी अक्काला पुढं करणार होतो. म्हणलं होतं, तिच्या तोंडून न्हाय वदवावं आन् आपण नामानिराळं राहावं. तिनं केलं न्हाय, बरं केलं." त्यानं बलभीमरावांकडं बघितलं. "तुमी विहीर दिली आन् मी हे असं वागलो."

 श्रीशैलनं मान खाली घातली. त्याला वाटलं होतं, मोठे काका रस्त्यासाठी आजोबांना सोडतील. तेच त्याच्या बाजूला येऊन बसलेले बघून त्याचा जोरच गेला.

मग शंभुलिंग बोलला. तो कधी मोठ्यानं बोलायचा नाही, त्याही दिवशी बोलला नाही.

"अण्णा, तुमी अप्पांना वर्षातनं एकदा पुण्यतिथीला बघता. मी रोज बघतो. मला ठाऊक हाय तिथं काय हाय आन् काय न्हाय. खुंटी ठोकली त्या दिवशी मी लई चिडलो. कुऱ्हाड घेऊन गेलो होतो. मग ती तशीच खाली ठेवली आन् शिवशरण अय्यांकडं गेलो मठात. त्यांना इचारलं, समाधी हलवता येती का? अय्या म्हणाले, लिंगैक्य झालेला माणूस जागा धरून बसत न्हाय शंभू, जागा आपण धरून बसतो."

"अय्या म्हणाले असं?"

"व्हय. म्हणाले, रीतीनं उचला, रीतीनं ठेवा, मी येतो." शंभुलिंगनं हात जोडल्यासारखे केले. "माझं एकच म्हणणं हाय. मशीन लागायच्या आधी आपण उचलायचं. आपल्या हातानं. आन् उद्या सुनावणीत तुमीच बोलायचं, अण्णा. ताठ मानेनं बोलायचं. इतकी वर्षं तुमची थट्टा केली मी. उद्या मला तुमच्या मागं उभं राहायचंय."

 ह्या दोघांचं एकमेकांशी धड बोलणं शेवटचं कधी ऐकलं होतं, ते मल्लम्माला आठवेना. ती उठली, दोघांच्या मधे जाऊन बसली. "होगली बिडु, माणिक," ती म्हणाली. आई बोलायची तशा कानडीत, जाऊ दे, सोड. "आता मी बोलते. अव्वाला मी उचलणार. बायकांनी जायची रीत न्हाय, असं मला कुणी सांगायचं न्हाय."

कुणी सांगितलं नाही. मागं भुवनेश्वरी डोळ्यांना पदर लावत होती.

दुसऱ्या दिवशी लोहाऱ्याच्या तहसिलीत सुनावणी झाली. गावातनं जीपा भरून माणसं आली होती. निम्मी रस्त्यासाठी, निम्मी माणिकप्पाचं काय होतंय ते बघायला. नाव पुकारलं, तसा माणिकप्पा उठला. त्याच्या मागं शंभुलिंग उभा राहिला, त्याच्या मागं श्रीशैल. मल्लम्मा भिंतीशी बायकांत बसली होती. तिला भावाची पाठ तेवढी दिसत होती. पाठ सरळ होती.

"आमच्या आई-वडिलांच्या समाधी या रेघेत आहेत," तो म्हणाला. अधिकाऱ्यांसमोर तो नेहमी पुस्तकी मराठी बोलायचा. "आमच्या घराची हरकत नाही. समाधी आम्ही स्वतः हलवू, त्यासाठी थोडी मुदत द्यावी. ही रेघ कुणासाठी वाकली, ते या खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक आहे. तरीही हरकत नाही. मात्र ती आमच्या आई-वडिलांवरून गेली आहे. आता ती पुन्हा कुणासाठी वाकता कामा नये."

 साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "लिहून घ्या," ते कारकुनाला म्हणाले, "जसंच्या तसं." मग बाकीची नावं पुकारली गेली. मागच्या बाकावर दोघं शेतकरी हरकतीचे कागद घेऊन आले होते. त्यांनी आपसात काही कुजबूज केली, कागदाच्या घड्या खिशात घातल्या, आणि आपलं नाव आलं तेव्हा नुसतेच उभे राहून नमस्कार करून बसले. श्रीशैलनं ते बघितलं. बाहेर आल्यावर तो आत्याला म्हणाला, "पंपवाल्याचं मी सोडणार न्हाय हां आत्या. ते माझं भांडण मी येगळं भांडीन." मल्लम्मा म्हणाली, "भांड की. कुणी नको म्हणलंय."

सोमवारी सकाळी अय्या आले. भावांनी ओटे आपल्या हातानं फोडले, माती आपल्या हातानं उपसली. श्रीशैल आत उतरला. लिंगायताला बसवून पुरतात, तसे अप्पा बसलेलेच होते. देह कधीच मातीत मिळून गेला होता. थोडी हाडं, आणि डाव्या हाताच्या हाडांपाशी जन्मभर गळ्यात वागवलेलं इष्टलिंग, अजून काळंभोर. श्रीशैल ते ओंजळीत धरून बराच वेळ खड्ड्यातच उभा राहिला.  त्यानं आजोबांना कधी बघितलं नव्हतं.

दोन मडकी, त्यांवर भस्माचे पट्टे आणि बेलाची पानं. वरनं बांधायचं पांढरं कापड धोंडीबानं शिवून दिलं होतं. अप्पांना माणिकप्पानं डोक्यावर घेतलं, अव्वाला मल्लम्मानं.

लिंगायतांची पुरायची जागा, रुद्रभूमी, गावाच्या दुसऱ्या टोकाला, तळ्याच्या काठी. तिकडं जायचं तर पेठेतनंच जावं लागतं, दुसरी वाट नाही. आणि पेठ रोजच्यासारखी तुंबलेली होती. उसाचे ट्रॅक्टर, एसटी, टेम्पो, मधे मोटारसायकली. भुवनेश्वरी पुढं गेली होती, आता कशी वाट काढावी म्हणून ती चौकात घुटमळली.

पुढच्या ट्रॅक्टरवाल्यानं मडकी बघितली. त्याच्या स्पीकरवर गाणं ठणाणत होतं. त्यानं ते बंद केलं, खाली उतरला, मागच्याला काहीतरी म्हणाला. मागच्यानंही गाणं बंद केलं. मग दुकानदार बाहेर आले. हारवाल्यानं आपली गाडी गल्लीत ढकलली. पानवाला उस्मान, जो रस्त्यात आलेली पायरीची फरशी हलवायला कधी तयार झाला नव्हता, त्यानं दोघांना हाताशी धरून फरशी उचलली. एसटीच्या ड्रायव्हरनं गाडी स्टँडाकडं मागं घेतली. मागनं माणसं हात करून सांगत होती, येऊ द्या, येऊ द्या. एरवी ज्या पेठेतनं सायकल सरळ जात नसे, तिच्या मधोमध बैलगाडी जाईल एवढी वाट मोकळी झाली. हॉर्न थांबले. इतकी शांत पेठ मल्लम्मानं, ती परकर नेसायची तेव्हापासून, बघितली नव्हती.

ती चालत राहिली. मडकं जड नव्हतं. दोन्ही बाजूंनी माणसं हात जोडत होती, डोक्यावरच्या टोप्या काढत होती. कुणी अप्पांचं नाव घेऊन म्हणालं, "सिद्रामप्पांना नेतायत." नवी पोरं विचारत होती, कोण सिद्रामप्पा, आणि म्हातारी माणसं त्यांना सांगत होती. धोंडीबा कुबडी काखेत धरून आपल्या दाराशी उभा होता. मडकं समोर आलं तसा त्यानं कुबडी दाराला टेकवली, एका पायावर उभा राहिला आणि दोन्ही हात जोडले. माणिकप्पा त्याच्यासमोर थांबला. त्यालाही हात जोडायचे होते, पण हात मडक्याला लागलेले. तेव्हा शंभुलिंगनं पुढं होऊन मडकं आपल्या डोक्यावर घेतलं, आणि माणिकप्पानं धोंडीबाला नमस्कार केला. तिथनं पुढं तळ्यापर्यंत अप्पा धाकट्या लेकाच्या डोक्यावर गेले.

बलभीमराव मल्लम्माच्या बाजूनं चालत होते. "अक्का," ते हळूच म्हणाले, "आमच्या विहिरीची मिरवणूक काई कुणी काढली न्हाय."

इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा हसली. मडकं हललं, तसा तिनं दोन्ही हातांनी ते सावरलं.

मंगळवारी ती उमरग्याच्या एसटीत बसली. दोघं भाऊ पोचवायला आले होते, शेजारी शेजारी उभे राहून तिच्या सामानावरनं वाद घालत होते. गाडी सुटली आणि चौकात येऊन अडकली. पुढं उसाच्या ट्रॉल्या, पलीकडनं टेम्पो, हॉर्नांचा गलका. कालचं काल राहिलं होतं.

तिच्या शेजारी परंड्याकडची एक बाई बसली होती, मांडीवर झोपलेलं लेकरू. ती वैतागून म्हणाली, "दरवेळी हितं असंच. ह्या गावाला रस्ता कधी होणार हाय का न्हाय, कुणास ठाऊक."

"होतोय," मल्लम्मा म्हणाली. "गावाबाहेरनं होतोय. माझे वडील बसले होते त्या जागेवर. उठले आता."

बाईनं मान डोलावली. "जमिनीचं लई अवघड असतं मावशी. म्हातारपणी माणसाला जागा सोडवत न्हाय. मोठ्या मनाचे दिसतात तुमचे वडील."

"व्हय," मल्लम्मा म्हणाली, आणि लेकराला जरा ऐसपैस निजता यावं म्हणून खिडकीकडं सरकून बसली. "गावात कुणालाबी विचारा."